जुन्या सायकलीवरील निष्ठेचे अर्थशास्त्र

२०२५ च्या सप्टेंबरात सायकली आणि त्यांचे सुटे भाग यांवरील वस्तू व सेवा कर १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आणण्यात आला. करपूर्व किंमत २०,००० रुपये असलेली सायकल त्यामुळे १,४०० रुपयांनी स्वस्त झाली. कर उतरला की किंमत उतरते आणि किंमत उतरली की मागणी वाढते, हे अकरावीच्या वर्गात आम्ही फळ्यावर आकृती काढून शिकवतो. परंतु ही आकृती ज्यांना लागू पडत नाही असा एक ग्राहकवर्ग गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांत आहे. नवी सायकल घेण्याची त्याची ऐपत आहे, सायकलीची त्याला आवड आहे, बाजारात काय आले याची बित्तंबातमीही त्याच्यापाशी असते. आणि तरीही पंचवीस-तीस वर्षांपूर्वीची सायकल तो सोडत नाही. रविवारी पहाटे मरीन ड्राइव्हवर उभे राहावे, म्हणजे कार्बनच्या हलक्या सायकलींच्या घोळक्यात अशा दोन-चार जुन्या पोलादी सायकली हटकून दिसतात. जाड टायर, सरळ हँडल, पुढे कसलीही स्प्रिंग नसलेला साधा फोर्क. शाळकरी मुले त्यांना एके काळी सरसकट ‘रेंजर’ म्हणत. आता त्यांना ‘एमटीबी’ म्हणतात.

प्रस्तुत लेखकही त्याच कळपातला आहे, हे आधीच कबूल केलेले बरे. १९९६ साली दहावीच्या निकालानंतर वडिलांनी घेऊन दिलेली, मागे पाच चकत्या असलेली पोलादी सायकल आजही आमच्या चाळीच्या जिन्याखाली उभी आहे आणि चालते आहे. तेव्हा या विषयात माझा हितसंबंध गुंतलेला आहे, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे.

या निष्ठेची दोन स्पष्टीकरणे नेहमी दिली जातात. एक स्मरणरंजन, दुसरे कंजूषपणा. दोन्हींत तथ्य असले तरी दोन्ही अपुरी आहेत. नुसते स्मरणरंजनच असते तर माणसाने सायकल भिंतीला टांगली असती. ती घेऊन तो कसारा घाट चढला नसता. आणि नुसता कंजूषपणा असता तर त्याने सायकलच कशाला ठेवली असती? बेस्टची बस तिच्याहून कमी त्रासाची आहे. माझ्या मते या निष्ठेच्या मुळाशी एक पक्का आर्थिक हिशेब आहे. तो करणाऱ्याला अनेकदा शब्दांत मांडता येत नाही, पण त्याने हिशेब चुकत नाही.

रोनाल्ड कोझ या अर्थशास्त्रज्ञाने १९७२ साली टिकाऊ वस्तूंच्या मक्तेदारीविषयी एक छोटा निबंध लिहिला. त्याचे सार असे की, टिकाऊ वस्तू विकणाऱ्याची खरी स्पर्धा स्वतःशीच असते. वस्तू एकदा विकली गेली की ती बाजारातच राहते, आणि कारखानदाराला उद्या जी वस्तू विकायची आहे तिच्याशी त्याची कालचीच वस्तू टक्कर देते. कारखानदारासमोर मग थोडेच मार्ग उरतात. वस्तू कमी टिकेल अशी करायची, ती विकण्याऐवजी भाड्याने द्यायची, किंवा जुनी वस्तू जुन्याशी आणि नवी नव्याशीच जुळेल अशी व्यवस्था करायची. पहिल्या मार्गाचे प्रसिद्ध उदाहरण विजेच्या दिव्यांचे आहे. १९२४ साली जगातील मोठ्या दिवेउत्पादकांनी जिनीव्हात संघ करून दिव्याचे आयुष्य १,००० तासांवर आणण्याचे ठरवले आणि जास्त टिकणारा दिवा करणाऱ्या सभासदाला दंड आकारला. सायकलीच्या धंद्यात असा कट झाला असे मी म्हणणार नाही. तेथे तिसरा मार्ग आपोआप, काहीसा नकळत, चोखाळला गेला.

डोंगरी सायकलीचे चाक वर्षानुवर्षे २६ इंचांचे होते. २००० नंतर २९ इंचांचे आले, पुढे २७.५ इंचांचे आले, आणि दशकभरात २६ इंची चाकाला चांगल्या प्रतीच्या नव्या सायकलींतून निरोप मिळाला. गंमत अशी की, २७.५ इंची म्हणून जे नवे चाक आले त्याच्या रिमचे माप म्हणजे फ्रान्समधील प्रवासी सायकलींचे जुने माप होय! मागच्या हबची रुंदी १३५ मिलिमीटरवरून १४२ वर आणि तेथून १४८ वर गेली. हँडल ज्या नळीत फिरते ती सरळ होती, ती खाली रुंद होत जाणारी झाली. पायडलांचा अक्ष जेथे बसतो तेथे आटे होते; ते काढून दाबून बसवायचे बेअरिंग आले, त्याचेही अर्धा डझन प्रकार झाले, आणि ते कुरकुरू लागल्यावर अनेक कंपन्या पुन्हा आट्यांकडे वळल्या. मागच्या चकत्या सातावरून बारावर गेल्या आणि प्रत्येक पायरीला साखळी अधिक अरुंद झाली. यातील प्रत्येक बदलामागे काही ना काही तांत्रिक कारण आहे, हे मान्य. पण सर्वांचा मिळून परिणाम असा की, दहा वर्षांपूर्वीच्या उंची सायकलीचा एक भाग मोडला की तो एकच भाग बदलता येत नाही. त्याच्याबरोबर आणखी चार बदलावे लागतात.

जुन्या सायकलीचे असे नाही. तिचा गिअर बदलण्याचा दांडा अंगठ्याने हवा तितका ढकलायचा असतो. त्याला ठरावीक खटके नाहीत. त्यामुळे मागे पाच चकत्या असोत की सात, आणि त्या कोणत्याही कंपनीच्या असोत, दांडा तोच चालतो. खटक्यांचा दांडा १९८० च्या दशकाच्या मध्याला जपानी शिमानो कंपनीने रूढ केला. नवशिक्याला तो फार सोयीचा, परंतु तेव्हापासून दांडा, तार, गिअर आणि चकत्या ही सारी एकाच कुटुंबातली असावी लागतात. सांगाड्याचेही तसेच. पोलादी नळी तडकली तर परळचा कोणताही वेल्डर ती जोडून देतो. जोड दिसायला ओबडधोबड होतो, पण धरतो. अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा डाग दिल्यावर सांध्यापाशी दुबळा होतो, त्याला पुन्हा उष्णतेची प्रक्रिया द्यावी लागते. कार्बनचा विषय तर आपल्या गल्लीतल्या वेल्डरच्या पलीकडचाच आहे.

येथे डोंगरी सायकलीच्या जन्माची हकीकत सांगितली पाहिजे, कारण ती या विषयाला फारच बोलकी आहे. अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोजवळ मरीन नावाचा जिल्हा आहे. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण डोंगरउतारावरून सायकली पिटाळू लागले. त्यासाठी त्यांनी कोणत्या सायकली निवडल्या? तत्कालीन दुकानातल्या नाजूक शर्यतीच्या सायकली नव्हे, तर १९३० आणि १९४० च्या दशकांतील जाड टायरच्या, भंगारात पडलेल्या, वजनदार पोलादी सायकली. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे ‘रिपॅक’ नावाची पहिली शर्यत झाली. हे नाव पडण्याचे कारण असे की, उतारावर मागच्या हबमधील ब्रेक इतका तापे की आतले ग्रीस जळून जाई आणि प्रत्येक फेरीनंतर हब पुन्हा ग्रीसने भरावा लागे. जुने सांगाडे तुटू लागले तेव्हा १९७७ साली जो ब्रीझ याने खास या कामासाठी नवा सांगाडा केला. १९७९ मध्ये गॅरी फिशर आणि चार्ली केली यांनी त्याचा धंदा सुरू केला. आणि १९८१ साली ‘स्टम्पजम्पर’ ही कारखान्यात बनलेली सायकल बाजारात आली. म्हणजे डोंगरी सायकल हेच मुळी जुन्या सायकलीला न सोडणाऱ्या माणसांचे अपत्य आहे. आज तिच्याच जुन्या पिढीवर प्रेम करणाऱ्यांना मागासलेले म्हणणे हे इतिहासाला धरून नाही.

आता मुंबईत येऊ. आपल्याकडे जुन्या सायकलीचा थोरला वंश काळ्या, दांडीच्या, २८ इंची सायकलीचा आहे. गिरणगावातील कामगार सायकलीवरून गिरणीत जाई, अशी एक समजूत नंतरच्या लेखकांनी करून दिली आहे. ती फारशी खरी नाही. भोंगा ऐकून पायी निघाले तरी पाळी चुकू नये इतक्या जवळ बहुतेकांची चाळ होती. सायकल होती ती दूध, पाव, वर्तमानपत्रे आणि खानावळीचा डबा पोचवणाऱ्याची. डबेवाल्यांची तर ती आजही आहे. १८९० मध्ये महादू हावजी बच्चे यांच्यापासून सुरू झालेल्या या व्यवसायात काळाबरोबर पुष्कळ बदलले, पण चर्चगेट किंवा दादर स्थानकाबाहेर डबे जिला लटकतात ती सायकल बदलली नाही. तिला गिअर नाही, तिचे वजन अधिक, आणि तिच्यावर ओझे लादले की ती जागच्या जागी उभी राहते. एवढ्या अनुभवी माणसांनी दुसरे वाहन निवडले नाही, यात अडाणीपणा शोधणाऱ्याने आधी त्यांचा हिशेब तपासावा.

या काळ्या सायकलीचे सर्वात मोठे भांडवल म्हणजे तिची मापे कोणाच्या मालकीची नाहीत. ती इंग्लंडहून आली, येथे रुजली आणि सार्वजनिक झाली. हीरो, अ‍ॅटलस, हर्क्युलस, एव्हन, नाव कोणतेही असो, एकीचा पायडल दुसरीला बसतो, एकीचे टायर दुसरीला चढते. याची कसोटी कारखाना बंद पडल्यावर लागते. वरळीला हिंद सायकलचा कारखाना होता. लालबागहून तो चालत जाण्याच्या अंतरावर. तो तोट्यात गेला, शासनाने हाती घेतला, आणि १९८० साली संसदेने कायदा करून हिंद सायकल व आसनसोलची सेन-रॅले या दोन्ही कंपन्यांचे राष्ट्रीयीकरण केले. त्यानेही कारखाना वाचला नाही. अ‍ॅटलसचे उदाहरण तर ताजे आहे. १९५१ साली सोनीपतला सुरू झालेल्या या कंपनीचा साहिबाबादचा कारखाना ३ जून २०२० रोजी, नेमका जागतिक सायकल दिनी, थांबला. मोटारीचा किंवा दूरदर्शन संचाचा उत्पादक बुडाला की ग्राहक उघड्यावर पडतो. हिंद किंवा अ‍ॅटलसच्या मालकाचे मात्र काही बिघडले नाही. लुधियानाचा कोणताही भाग त्याला लागतोच. तेव्हा ज्याला आपण निष्ठा म्हणतो ती कंपनीच्या नावावरील निष्ठा नव्हेच. ती मापावरील निष्ठा आहे.

नव्वदीच्या दशकातील देशी डोंगरी सायकलीला या वारशाचा मोठा भाग मिळाला. २६ इंची जाड टायर आजही कोपऱ्यावरच्या दुकानात मिळते, कारण कमी किमतीच्या सायकलींत तेच माप अजून चालू आहे. गेल्या वर्षी मी दोन्ही टायर, साखळी आणि ब्रेकचे रबर बदलले. सारा खर्च २,००० रुपयांच्या आत झाला. त्याआधी एका मोठ्या, काचेच्या दुकानात गेलो होतो. तेथील नम्र तरुणाने सायकलीकडे पाहून ‘सर, हा साइज आता येत नाही’ असे सांगितले आणि हप्त्याने नवी घेण्याचे पत्रक हातात दिले. तो साइज तेथून शंभर पावलांवर दोरीला टांगलेला होता.

यात एक गोष्ट आम्हा शौकिनांना जरा अवघडवणारी आहे. टायरचे ते माप बाजारात टिकून आहे ते आमच्या हौसेमुळे नव्हे. मुंबईतील जुन्या सायकलींचे शौकीन एकत्र केले तरी एका टायर कारखान्याची एक पाळीही चालणार नाही. ते माप टिकले ते गरजेपोटी सायकल वापरणाऱ्या लाखो लोकांमुळे. २०११ च्या जनगणनेनुसार देशातील ४४.८ टक्के कुटुंबांत सायकल होती, आणि स्कूटर, मोटारसायकल वा मोपेड २१ टक्के कुटुंबांत. ज्याला आम्ही ‘निष्ठा’ म्हणतो ती चैन डबेवाल्याला किंवा पाववाल्याला परवडत नाही. त्याला पर्यायच नसतो. पण त्याच्या गरजेवर आमचे स्वातंत्र्य उभे आहे. हप्त्यावरची मोटारसायकल आणि घरपोच मालाची विजेवर चालणारी दुचाकी यांनी त्याची सायकल सोडवली, तर त्याचे भले होईल आणि त्यात कोणी आडकाठी करू नये. मात्र त्यानंतर दोरीवरचे टायरही जाईल.

नव्याची बाजूही निष्पक्षपणे मांडली पाहिजे. नवी डोंगरी सायकल खरोखर चांगली आहे. तिचे मोठे चाक खड्ड्यात अडकत नाही. उतारावर ती स्थिर राहते. आणि तिचा डिस्क ब्रेक पावसात लागतो. जुलैमध्ये हिंदमातेला पाणी साचलेले असताना जुन्या सायकलीचा ओला रिम आणि त्यावर घासणारे रबर यांच्या भरवशावर राहण्याचा प्रसंग ज्याच्यावर आला असेल, त्याने या बाबतीत जुन्याचे गोडवे गाऊ नयेत. गिरगावच्या खाऱ्या हवेत पोलाद गंजते आणि वर्षातून दोनदा तेलपाणी केले नाही तर नळी आतून पोखरते. शिवाय साधेपणाचीही प्रौढी असते. परदेशांत १९८० च्या दशकातील गाजलेल्या सायकली आज संग्राहक वाटेल ती किंमत देऊन घेतात. तेथे काटकसरीचा प्रश्नच उरत नाही. थॉर्स्टाइन व्हेब्लेनने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. आमच्यातल्या काहींचा गंजका सांगाडा हाही त्यातलाच एक प्रकार आहे, असे त्याने बहुधा म्हटले असते.

तरीही हिशेब जुनीच्या बाजूने का झुकतो? एक कारण माहितीचे आहे. जुन्या वस्तूच्या बाजारात विकणाऱ्याला दोष ठाऊक असतात, घेणाऱ्याला नसतात, आणि त्यामुळे चांगल्या मालालाही वाईट मालाचा भाव येतो, असे जॉर्ज अ‍ॅकरलॉफने १९७० साली दाखवले. माझी सायकल विकायला काढली तर तिला भंगाराचा भाव येईल. परंतु तिच्या प्रत्येक कुरकुरीचा अर्थ मला ठाऊक आहे. तिचा जो उपयोग माझ्याकडे आहे तो दुसऱ्या कोणाकडे गेल्यावर राहत नाही. बाजारभाव आणि उपयोगमूल्य यांत इतके अंतर पडले की वस्तू विकली जात नाही. तिचा मालक शहाणा असेल तर तो ती वापरत राहतो. शिवाय दादर स्थानकाबाहेर ती दिवसभर उभी केली तरी चोर तिच्याकडे ढुंकून पाहत नाही. असा फुकटचा विमा ४०,००० रुपयांच्या सायकलीला मिळत नाही.

दुसरे कारण मिस्त्री. लालबागला उड्डाणपुलाच्या अलीकडे, पदपथाच्या कडेला एक मिस्त्री बसतो. १९८२ च्या संपापर्यंत तो गिरणीत फिटरच्या हाताखाली होता. नंतर त्याने हे दुकान मांडले. दुकान म्हणजे एक लाकडी पेटी, हवेचा पंप आणि पंक्चर पाहण्यासाठी पाण्याचे घमेले. चाकाचा आऊट तो कोणत्याही साधनाशिवाय काढतो. चाक फिरवून, डोळा मिटून, बोटाच्या नखाने. पावसाळ्यानंतर हबमध्ये पाणी शिरलेले असते. तो हब उघडतो, छर्रे रॉकेलमध्ये धुतो, झिजलेले चार-दोन बदलतो, ग्रीस भरतो. नव्या सायकलीत छर्रे सुटे नसतात. बंद बेअरिंग असते, ते खराब झाले की काढून फेकायचे. आधीचा प्रकार कष्टाचा आहे, नंतरचा सोयीचा. पण पहिल्यात पैसा लालबागमध्ये मजुरी म्हणून राहतो, दुसऱ्यात तो भागाची किंमत म्हणून बाहेर जातो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या आकड्यांत नवी खरेदी ठळक दिसते. या मिस्त्रीची दुरुस्ती, तो कोणत्याच नोंदवहीत नसल्यामुळे, जवळजवळ दिसतच नाही. कर ५ टक्के झाल्याचा लाभही त्याच्यापर्यंत भागांच्या किमतीतून येईल तेवढाच.

आणि धोका आहे तो येथेच. या भागाचा पुनर्विकास झपाट्याने चालू आहे. चाळीच्या जिन्याखाली, गॅलरीत, कठड्याला साखळी बांधून सायकल राहत होती. तेथे आता मनोरे उभे राहत आहेत, त्यांत मोटारींसाठी मजलेच्या मजले आहेत. सायकल कोठे ठेवायची हे विचारले तर रखवालदार सदनिकेत न्या म्हणतो, आणि उद्वाहनात ती नेऊ देत नाही. रस्त्यांचीही तीच कथा. वांद्रे-वरळी सागरी सेतूवर सायकलीला मज्जाव आहे, २०२४ मध्ये खुल्या झालेल्या किनारी मार्गावरही आहे. वांद्रे-कुर्ला संकुलात २०११ साली बांधलेल्या सायकल मार्गावर मोटारी उभ्या राहिल्या. पदपथावरचा मिस्त्री अतिक्रमण म्हणून उचलला जातो, आणि पुनर्विकासाच्या नकाशात त्याच्या पेटीएवढी जागा कोणी दाखवत नाही.

केंद्रीय ग्राहक व्यवहार खात्याने जुलै २०२२ मध्ये ‘दुरुस्तीच्या हक्का’चा विचार करण्यासाठी समिती नेमली. शेती अवजारे, मोबाइल, घरगुती उपकरणे आणि मोटारी ही चार क्षेत्रे तिच्यासमोर होती. सायकलीचा स्वतंत्र विचार त्यात झाला नाही. कदाचित सायकल दुरुस्त होतेच असे समितीला वाटले असावे, आणि जुन्या सायकलीबाबत ते खरेही आहे. पण आज जी मुले २५,००० ची सायकल घेत आहेत त्यांना दहा वर्षांनी तिचा हब मिळेल की नाही, हे विक्रेता सांगत नाही आणि कायदा विचारत नाही. सुट्या भागांची मापे खरेदीच्या वेळी पावतीवर छापणे आणि ते भाग किती वर्षे उपलब्ध राहतील याची लेखी हमी देणे, एवढे बंधन घालण्यास सरकारला एक पैसाही खर्च नाही. महानगरपालिकेलाही पुनर्विकासाच्या मंजुरीत सायकलींसाठी तळमजल्यावर जागा आणि दुरुस्तीचा एक गाळा यांची अट घालता येईल. सहा फूट बाय चार फूट पुरे.

आमच्या मिस्त्रीच्या हाताखाली सध्या कोणी नाही. त्याचा मुलगा माल पोचवणाऱ्या एका कंपनीत आहे, आणि तो विजेची दुचाकी चालवतो. गेल्या महिन्यात तिचे मागचे चाक पंक्चर झाले, तेव्हा कंपनीच्या केंद्रात नेण्याआधी तो ती बापाकडे घेऊन आला. बापाने टायर चाचपले, घमेले पुढे ओढले आणि चाक कसे उतरवायचे ते पाहत बराच वेळ तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला.